ग्रामसभा सक्षम करण्याचा प्रकल्प हाती घेताना काय जपायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: आमच्या संस्थेला एका परदेशी फाउंडेशनकडून तीन वर्षांचा निधी मिळाला आहे. गडचिरोलीच्या अनुसूचित (आदिवासीबहुल) क्षेत्रातल्या साठेक गावांत ग्रामसभा सक्षम करायच्या आहेत. मी आजवर पाणलोट आणि आरोग्याचे प्रकल्प सांभाळले. लोकशाही कारभाराचा प्रकल्प पहिल्यांदाच आला आहे. लॉगफ्रेममध्ये, म्हणजे प्रकल्पाची उद्दिष्टं आणि ती मोजण्याचे निर्देशक मांडणाऱ्या तक्त्यात, सभांची संख्या, उपस्थिती, महिलांचं प्रमाण, प्रशिक्षणं असे निर्देशक आहेत. सुरुवात कुठून करू आणि सर्वांत जास्त जपायचं काय?

थेट सांगते. जपायचं ते हे, की सभा गावाची राहावी, प्रकल्पाची होऊ नये. पाणलोटात बंधारा बांधून संस्था निघून गेली तरी पावसाळ्यात पाणी अडतं. ग्रामसभेचं तसं नाही. दवंडी तुमच्या कार्यकर्त्याने द्यायला लावली, सतरंजी तुमची, चहा तुमचा, विषयपत्रिका तुमच्या ऑफिसात टाइप झालेली आणि इतिवृत्त तुमच्याच माणसाच्या अक्षरातलं असेल, तर निधी संपतो त्या दिवशी सभाही संपते. तोवर लॉगफ्रेमचे सगळे आकडे मात्र पूर्ण झालेले दिसतात. पंचायत आणि वनहक्काचे निधी-प्रकल्प सांभाळण्यात माझी बरीच वर्षं गेली. पैसा कमी पडून बुडालेले प्रकल्प मी फारसे पाहिले नाहीत. प्रकल्पाने गावाचं काम स्वतःच्या अंगावर घेतलं आणि गाव मागे सरलं, असे मात्र पुष्कळ पाहिले.

गडचिरोलीत तुम्ही कोऱ्या पाटीवर लिहायला जात नाही, हे आधी लक्षात घ्या. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा दिली, तेव्हा अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदाही आलेला नव्हता. निर्णय बहुमताने न घेता सर्वसहमतीने घ्यायचे आणि त्यासाठी आधी अभ्यासगटात माहिती घेऊन बसायचं, ही त्या गावाची रीत. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या अगदी पहिल्या गावांत मेंढा होतं. तरीही स्वतःचा बांबू विकण्यासाठी लागणारा वाहतूक परवाना हाती यायला एप्रिल २०११ उजाडावं लागलं, आणि त्यासाठी तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले. हे फक्त कौतुकापुरतं सांगत नाही. मेंढ्याची सभा प्रशिक्षणाने बळकट झाली नाही. सभेपुढे बांबू होता, जंगल होतं, पैसा होता, आणि आपण ठरवलं नाही तर दुसरं कुणीतरी ठरवेल हे प्रत्येकाला ठाऊक होतं. कोरची तालुक्यातल्या ग्रामसभा एकत्र येऊन महाग्रामसभा उभी राहिली, त्यामागेही तेंदू (विडीची पानं) आणि जंगल हेच कारण होतं.

म्हणून पहिल्या सहा महिन्यांत प्रशिक्षणांचं वेळापत्रक लावण्याआधी प्रत्येक गावात एकच शोध घ्या: या गावाच्या सभेपुढे खरोखर ठरवण्यासारखं काय आहे? एका गावात तेंदूचा लिलाव असेल, दुसऱ्यात तळ्याचा मासळीचा ठेका. कुठे अबंध निधी, म्हणजे ठरावीक कामाला न बांधलेला पैसा, पडून असेल. कुठे वनहक्काचा दावा उपविभागीय समितीत अडकलेला असेल. जिथे असा विषय आहे तिथून सुरुवात करा. साठ गावांत एकदम एकच मॉड्यूल चालवायचा आग्रह देणगीदार धरतील, कारण त्यांना ते समजायला सोपं जातं. त्यांना नम्रपणे पण लेखी कळवा की पहिल्या वर्षी पंधरा-वीस गावांत काम खोल होईल आणि उरलेल्या गावांतले लोक ते पाहायला येतील. गाव गावाकडून जे शिकतं ते हॉटेलच्या हॉलमधल्या प्रोजेक्टरवरून शिकत नाही.

आता कायद्याचं, कारण इथेच बहुतेक लॉगफ्रेम चुकतात. तुमच्या कार्यक्षेत्रात 'ग्रामसभा' ही एकच गोष्ट नाही. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली. तिच्या चौकटीतली, महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाखालची सभा ही संपूर्ण ग्रामपंचायतीची सभा असते. तिची गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल ती. १९९६ चा पेसा कायदा आणि राज्याचे २०१४ चे नियम यांनी गावाची, म्हणजे पाड्या-टोल्याचीसुद्धा, स्वतःची सभा मानली; गट ग्रामपंचायतीतल्या (अनेक गावांची मिळून एक पंचायत) एखाद्या टोल्याला स्वतंत्र गाव म्हणून घोषित करून घेण्याची वाटही ठेवली. आणि वनहक्क कायद्याच्या कामासाठी सभा बसते तेव्हा निम्मे सदस्य हजर लागतात, हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश महिला लागतात. लॉगफ्रेममध्ये नुसतं 'ग्रामसभेतील उपस्थिती' लिहिलं असेल, तर तुमचा एक कार्यकर्ता पंचायतीच्या सभेचा आकडा देईल आणि दुसरा टोल्याच्या सभेचा. वर्षाअखेरीस जी सरासरी निघेल तिला काहीच अर्थ नसेल. पहिल्या तिमाहीतच प्रत्येक निर्देशकापुढे कोणत्या कायद्याखालची सभा हे लिहून देणगीदाराची संमती घ्या.

एक काम मात्र कुणावर सोपवू नका. सुरुवातीच्या काळात दहा-बारा गावांची प्रोसिडिंग बुकं, म्हणजे सभांच्या इतिवृत्ताच्या वह्या, स्वतः बसून वाचा. जिल्हा परिषदेचं पत्र घेऊन जा, सरपंच आणि ग्रामसेवक (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) यांच्या समोर वाचा. चुका काढायला आलात असं वाटू देऊ नका. आधी सह्यांचं पान बघा. एकाच पॅडच्या शाईचे अंगठे एकाखाली एक, सारख्या अंतरावर, ओळीने उमटलेले असतील तर ते सभेत आलेले नाहीत. घरोघरी फिरून किंवा रेशन दुकानापुढे घेतलेले आहेत. खऱ्या सभेत लोक मागेपुढे येतात, पेन बदलतं, कुणी उशिरा येऊन समासात सही करतं. मग शेवटचा ठराव आणि सह्या यांच्यामधली जागा बघा. चार बोटं कागद कोरा सोडलेला असेल तर तो पुढे कधीतरी भरण्यासाठी सोडलेला असतो. प्रत्येक ठरावाचे सूचक आणि अनुमोदक तेच दोघं आहेत का? मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे हा पहिला विषय नेहमीच असतो. त्याखाली कधी एखादी दुरुस्ती नोंदलेली आहे का? 'अमक्यांनी हरकत घेतली, त्यांचं म्हणणं असं' अशी एखादी ओळ वहीत सापडली, तर त्या गावात सभा जिवंत आहे असं खुशाल समजा.

त्यात आणखी एक गोष्ट मिसळलेली असते. चर्चा गोंडीत किंवा माडियात होते आणि इतिवृत्त मराठीत लिहिलं जातं. लिहिणारा प्रामाणिक असला तरी मधे बरंच गळतं. उठण्यापूर्वी लिहिलेला ठराव मोठ्याने वाचायचा आणि त्याचा अर्थ गावाच्या भाषेत सांगायचा, मगच सह्या करायच्या, एवढा एक पायंडा तुम्ही पाडू शकलात तर त्याचं मोल कितीतरी कार्यशाळांपेक्षा जास्त आहे. त्याला पैसाही लागत नाही. म्हणून बजेटमध्ये तो कुठे दिसत नाही आणि अहवालातूनही निसटतो. तुम्ही तो निसटू देऊ नका.

सगळे प्रकल्प व्यवस्थापक यूसीच्या, म्हणजे उपयोगिता प्रमाणपत्राच्या, धाकात जगतात. पुढचा हप्ता त्यावर अडलेला असतो. पण पेसाच्या कलम ४(फ) मध्ये काय लिहिलं आहे ते फार थोड्यांनी वाचलेलं असतं. योजनांवर खर्च केलेल्या निधीच्या विनियोगाचं प्रमाणपत्र ग्रामपंचायतीने ग्रामसभेकडून घ्यायचं आहे. म्हणजे मंत्रालय, बँक, देणगीदार या सगळ्यांना जो कागद हवा असतो तो कागद देण्याचा किंवा नाकारण्याचा अधिकार कायद्याने टोल्यातल्या माणसांना दिला आहे. व्यवहारात हे प्रमाणपत्र ग्रामसेवकाच्या फाइलमध्ये तयार होतं आणि सभेला त्याचा पत्ता नसतो. मला विचाराल तर तुमच्या तीन वर्षांचा कणा हाच असावा. १५ व्या वित्त आयोगाच्या निधीत ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिलेली होती, ४० टक्के अबंधित. त्याशिवाय पेसा ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेच्या ५ टक्के अबंध निधीची वाट २०१५ पासून खुली झाली. म्हणजे गावात पैसा येतो. या पैशातलं एक काम निवडायचं, सभेने ते जागेवर जाऊन बघायचं, मोजमाप पुस्तिकेतल्या आकड्याशी ताडायचं आणि मग प्रमाणपत्राचा ठराव करायचा की नाही हे ठरवायचं. एखाद्या गावाने 'नाली वीस मीटर कमी आहे, पूर्ण करा, मग ठराव देऊ' असं लिहून दिलं की त्या गावात लोकांचं बसणंच बदलतं. मागच्या रांगेत गप्प बसणारे पुढे सरकतात.

उपस्थितीच्या आकड्याबद्दल माझा अविश्वास नुसत्या अनुभवावर उभा नाही. इंडोनेशियात जागतिक बँकेच्या मदतीने चाललेल्या गावविकास कार्यक्रमात बेंजामिन ओल्कन या अर्थतज्ज्ञाने जावा बेटावरच्या सहाशेहून अधिक गावांत रस्त्यांच्या कामाचा अभ्यास केला. तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. काही गावांना आधीच कळवलं की तुमच्या कामाचं सरकारी लेखापरीक्षण नक्की होणार. काही गावांत हिशोबाच्या सभेची शेकडो निमंत्रणं घरोघर वाटली. मग अभियंत्यांनी रस्ते खणून त्यात खरोखर किती खडी-वाळू पडली ते मोजलं. लेखापरीक्षणाची खात्री असलेल्या गावांत गायब झालेल्या खर्चाचं प्रमाण ८ टक्के बिंदूंनी घटलं. निमंत्रणांनी सभेतली गर्दी वाढली, पण सरासरी गळती फारशी कमी झाली नाही. यावरून लोकसहभाग निरुपयोगी असा अर्थ काढू नका. मी तरी काढत नाही. माझ्या लेखी त्याचा अर्थ असा की सभेच्या हातात मोजण्याचं साधन आणि अडवण्याचा अधिकार नसेल तर डोकी मोजून काही निष्पन्न होत नाही. पश्चिम बंगालमध्ये २०१० पासून सुमारे १,००० ग्रामपंचायतींत जागतिक बँकेच्या कर्जातून जो संस्थात्मक बळकटीकरणाचा प्रकल्प चालला, त्यात पंचायतीचं दरवर्षी मूल्यमापन आणि त्यानुसार वाढीव अनुदान अशी जोडणी होती. केरळने तर १९९६ मध्ये योजना निधीचा ३५ ते ४० टक्के वाटा आधी स्थानिक संस्थांकडे दिला आणि प्रशिक्षणाची मोठी फळी त्याबरोबर उभी केली. दोन्हीकडे शिकवणीच्या जोडीला हातात काहीतरी होतं.

तुमच्या निर्देशकांत देणगीदाराचे चार तसेच ठेवा, त्यावर भांडण नको. त्यांच्या जोडीला तुमचे घाला: मागच्या सभेतल्या किती ठरावांचं पुढे काय झालं हे पुढच्या सभेत सांगितलं गेलं, किती सभा तुमचा कार्यकर्ता हजर नसताना झाल्या, विनियोगाचा ठराव किती गावांनी स्वतः पाहणी करून केला, आणि हिशोबावर प्रश्न विचारणाऱ्यांत बाया किती. शेवटचा आकडा सुरुवातीला शून्याजवळ असेल. तो तसाच पाठवा. पहिल्याच वर्षी तो फुगवला की पुढे खरी वाढ दाखवायला जागा उरत नाही, आणि कार्यकर्त्यांना कळतं की या ऑफिसात खोटं चालतं.

महिलांच्या बाबतीत एवढंच सांगते की महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतीत निम्म्या जागा राखीव आहेत, ग्रामसभेआधी महिला सभा घेण्याची तरतूदही आहे, आणि तरी सभा कोणत्या वेळी ठेवली यावरच बाई येणार की नाही ते ठरतं. तुमच्या भागात हे कॅलेंडर फार महत्त्वाचं आहे. १ मेची ग्रामसभा राज्यभर होते, पण गडचिरोलीत तेव्हा तेंदूचा हंगाम असतो. पहाटे अंधारात जंगलात जायचं, दुपारी पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर (पानं गोळा करण्याच्या केंद्रावर) मोजून द्यायचे. या दिवसांत सभेला कोण येणार? मार्च-एप्रिलमध्ये मोह वेचायचा असतो. जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी. शासनाच्या तारखेला कायद्यापुरती सभा होऊ द्या, पण हिशोबाची आणि नियोजनाची खरी बैठक गावाला विचारून, तेंदूआधी आणि धान कापणीनंतर बसवायला सुचवा. प्रकल्पाचं तिमाही नियोजन पुण्याच्या ऑफिसात न करता या कॅलेंडरवरून करा. देणगीदाराचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर असेल तर त्यांना हे समजावून सांगावं लागेल. बहुतेकांना समजतं.

माणसांबद्दल. तुमचे कार्यकर्ते याच तालुक्यातले असतील, गोंडी-माडिया बोलणारे असतील, तर निम्मं काम झालं. पण त्यांच्यासाठी काही नियम लेखी असू द्या. कार्यकर्त्याने इतिवृत्त लिहायचं नाही. गावातला मुलगा किंवा मुलगी लिहील, चुकेल, पुन्हा लिहील. मंचावर बसायचं नाही. सभेच्या चहा-जेवणाचा किंवा बुडालेल्या मजुरीचा खर्च प्रकल्पाने कधीही करायचा नाही; बाहेरगावी प्रशिक्षणाला नेलं तर तिथला खर्च जरूर करावा. नवीन संस्थेला हे कठोर वाटतं, लोकांना मदत का करायची नाही असं वाटतं. पण एकदा सभेला येण्याचे पैसे मिळाले की पुढची सभा पैशाशिवाय भरत नाही, आणि तुमच्यानंतर येणाऱ्या संस्थेचंही काम अवघड होऊन बसतं. शिवाय तुमचे चांगले कार्यकर्ते दोन वर्षांत गावोगावी ओळखीचे होतील आणि त्यांना निवडणुकीला उभं राहावंसं वाटेल. त्याचा आनंदच वाटावा. फक्त उमेदवारी अर्जाआधी राजीनामा, आणि प्रकल्पाची गाडी, फोन, ओळखपत्र त्याच दिवशी परत, हे नेमणूकपत्रातच लिहिलेलं हवं. परदेशी पैशावर चालणाऱ्या संस्थेवर पक्षाचा शिक्का बसला तर नोंदणीपर्यंत गोष्ट जाते.

तो पैसा, म्हणजे एफसीआरए, परदेशी योगदानाचं नियमन करणारा कायदा. तुमचा लेखापाल आरोग्य प्रकल्पांत मुरलेला असला तरी त्याच्याबरोबर २०२० ची दुरुस्ती पुन्हा वाचा, कारण कारभाराच्या प्रकल्पाला ती वेगळ्या ठिकाणी टोचते. पैसा फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यात येईल, हे सगळ्यांना माहीत झालं आहे. दुसऱ्या संस्थेला तो पुढे देता येत नाही. पूर्वी तालुक्यातल्या छोट्या संस्थेला भागीदार करून उपअनुदान देत. आता ती वाट बंद आहे. सेवा-कराराच्या नावाखाली तेच करायचा मोह होतो, कृपया टाळा. खरी सेवा असेल, तिचं खरं बिल असेल तरच करार. नाहीतर त्या संस्थेतल्या अनुभवी माणसांना सरळ तुमच्या पगारपत्रकावर घ्या. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली. तुमचा प्रकल्प मुळात माणसांवरच चालतो, सिमेंटवर नाही, म्हणून कोणता पगार प्रशासकीय आणि कोणता थेट कार्यक्रमाचा हे पहिल्या दिवसापासून स्वच्छ असायला हवं: प्रशिक्षण आणि क्षेत्रातली माहिती गोळा करण्याचं काम करणाऱ्यांच्या नेमणूकपत्रात तसं काम लिहिलेलं, दैनंदिनीत तसं दिसणारं. एफसी-४ हे परदेशी निधीचं वार्षिक विवरण आर्थिक वर्ष संपल्यापासून नऊ महिन्यांत, म्हणजे ३१ डिसेंबरपर्यंत. ही तारीख तुमच्या स्वतःच्या डायरीत असू द्या, फक्त सीएच्या नव्हे.

आणखी एक गोष्ट जी पाणलोटात कधी आडवी आली नसेल. त्याच दुरुस्तीने परदेशी योगदान घेण्यास मनाई असलेल्यांच्या यादीत लोकसेवकांची भर पडली, आणि आपल्या ग्रामपंचायत अधिनियमात सरपंच व सदस्य लोकसेवक मानले जातात. म्हणजे सरपंचांना या निधीतून मानधन, टॅब, भेटवस्तू असलं काही नको. प्रशिक्षणातल्या त्यांच्या प्रवासखर्चाबाबतही वकिलाचं लेखी मत घेऊन ठेवा. ग्रामसभेच्या कोषात प्रकल्पाने बीजभांडवल टाकण्याची कल्पना बैठकीत कुणीतरी मांडेलच. ग्रामसभेची एफसीआरए नोंदणी नसते, तेव्हा तो विषय तिथेच संपवा. कायदा बाजूला ठेवला तरी मी तो संपवला असता. ग्रामसभेचा कोष तेंदू-बांबूच्या पैशातून, लोकवर्गणीतून, शासनाच्या निधीतून भरला पाहिजे. तुम्ही द्यायची ती हिशोबाची ताकद: रोकडवही रोज लिहिणं, पॅन, कराची विवरणं, लेखापरीक्षण, ठेकेदाराशी करार करताना आगाऊ रक्कम आणि हप्ते नीट बांधून घेणं. तेंदूचा भाव एका हंगामात चढतो आणि दुसऱ्यात कोसळतो. भाव पडला की ठेकेदार पैसे थकवतो. तेव्हा सभेकडे पक्का करार असला तर ती लढू शकते. गावातल्या दोन शिकलेल्या मुलींना हिशोबनीस म्हणून तयार करण्यात तीन वर्षं घालवली तरी ती वाया गेली असं मी म्हणणार नाही.

देशी पैशाबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण तो प्रश्न येणार. एफसीआरएची कटकट नको म्हणून सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीचा, निधी घ्यावा असं विश्वस्त सुचवतील. घ्या, पण कुणाकडून ते बघा. ज्या कंपनीच्या खाणीसाठी, कारखान्यासाठी किंवा रस्त्यासाठी याच ग्रामसभांची संमती लागणार आहे, तिच्याकडून ग्रामसभा सक्षमीकरणाचा एक रुपयाही घेऊ नका. रक्कम कितीही मोठी असो, हेतू कितीही चांगला असो. उद्या सभेने होकार दिला तरी लोक म्हणतील पैसे घेतले, आणि नकार दिला तर कंपनी म्हणेल संस्थेने भडकवलं. सभेच्या निर्णयावर असा डाग पडण्यापेक्षा प्रकल्प छोटा राहिलेला परवडला.

शासनाशी संबंध. जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची भेट आणि फोटो याने काही होत नाही. उपमुख्य कार्यकारी अधिकारी (पंचायत) यांच्या सहीचं गटविकास अधिकाऱ्यांना गेलेलं पत्र, ज्यात गावांची नावं आणि तुमच्या कार्यकर्त्यांची नावं आहेत, ते मिळवा. अधिकारी बदलतात, पत्र फाइलला राहतं. २०२२ नंतर राज्यातल्या अनेक जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या दीर्घकाळ प्रशासकांच्या हाती राहिल्या. या काळात गावातली ग्रामसभा हीच लोकांना थेट बोलता येण्याची जागा उरली होती, हे देणगीदाराला मुद्दाम सांगा. तुमच्या कामाचं कारण त्यात आहे. आचारसंहितेत किती आठवडे काम थांबेल याचा अंदाज घेऊन वेळापत्रकात ती जागा सोडा. ग्रामसेवकाला शत्रू मानू नका. त्याच्याकडे अनेकदा एकाहून जास्त गावं असतात, पंचायतींच्या ई-ग्रामस्वराज पोर्टलवरच्या नोंदी असतात, वरून रोज नवी माहिती मागवलेली असते, आणि इंटरनेटसाठी तालुक्याला जावं लागतं. त्याचं ओझं हलकं होईल असं एखादं काम तुमच्याकडून झालं, मागच्या वर्षांचे ठराव अनुक्रमणिकेसह लावून दिले तरी पुरे, की वह्या उघडतात.

सभा खरोखर बळकट झाली की कुणाचं तरी नुकसान होतं. नालीचा ठेकेदार, पावत्यांवर पोट असलेला मध्यस्थ, 'मला न विचारता ठराव कसा केला' म्हणणारा पुढारी. तक्रार तुमच्या कार्यकर्त्यावर येईल, आणि या जिल्ह्यात पोलीस आणि बंदूकधारी अशा दोन्ही बाजूंच्या संशयात तो भरडला जाऊ शकतो. त्याच्या प्रवासाची नोंद, मुक्कामाचं गाव, भेटीचा उद्देश हे रोजच्या रोज ऑफिसात लिहिलेलं असणं ही त्याची ढाल आहे. अशा वेळी कुणाला फोन करायचा, वकील कोण, संस्था किती खर्च उचलेल, हे त्याला नेमणुकीच्या दिवशीच माहीत हवं. देणगीदारालाही पहिल्या वर्षीच सांगा की तक्रार येणं हे काम बिघडल्याचं लक्षण नाही.

शेवटच्या वर्षाची तयारी आत्ता करा. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत ९० दिवसांसाठी थांबवली आणि १ जुलै २०२५ पासून यूएसएड या अमेरिकी सरकारच्या मदतसंस्थेने परदेशी मदत राबवणं थांबवलं. जगभरचे कारभार-सुधारणेचे किती प्रकल्प मधल्या पानावर बंद झाले ते आपण पाहिलं. तुमचं फाउंडेशन भरवशाचं असेलही, पण एफसीआरएचं नूतनीकरण अडकलं तरी परिणाम तोच. म्हणून दर सहा महिन्यांनी स्वतःला विचारा की उद्या पैसा थांबला तर गावाकडे काय राहील. वहीच्या मूळ प्रती गावात आहेत का? वनहक्काचा नकाशा आणि दाव्याची पोच ग्रामसभेच्या पेटीत आहे की तुमच्या कपाटात? कोषाच्या खात्यावर सह्या करणारे दोघे गावचेच आहेत ना, त्यात एक बाई आहे ना? तुमच्या ऑफिसातल्या एकाही मूळ कागदावर गावाचा हक्क अडून राहू नये.

तुमचा वार्षिक अहवाल देणगीदाराकडे जाण्याआधी निदान काही गावांच्या सभेत वाचला जावा, त्यांच्या भाषेत. 'आमच्या गावात तुम्ही चार सभा घेतल्या असं लिहिलंय, पण त्या आम्ही घेतल्या' अशी दुरुस्ती कुणी सुचवली तर ती जशीच्या तशी अहवालाला जोडा. हरकत असेल तर हरकतही जोडा. त्यासाठी अहवालाच्या मुदतीत जादा महिनाभर लागतो, आणि तो करारावर सही होण्याआधी मागितला तर सहज मिळतो. सही झाली असेल तर पहिल्या दुरुस्तीपत्रात मागा.